ब्रेकच्या नळीतली हवा

मे महिन्यात चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी ‘मिन’च्या रेघेखाली. पंधरा दिवसांपूर्वीच ती मी भरली होती. शेजारचे काकाजी म्हणाले, “काही होत नाही जी, टाकत राहाचं थोडं थोडं. गाडी जुनी झाली म्हनजे पितेच ऑइल.”

हे वाक्य आमच्या दर्यापूर तालुक्यात मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर लिहायलाच हवं. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, हे खरं. ब्रेकचं ऑइल जळत नाही. चाकाची डिस्क दाबून धरणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन थोडे पुढे सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला डबीतलं ऑइल उतरतं. पण त्याला महिने लागतात. पंधरा दिवसांत बोटभर उतरलं, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय.

मागच्या डाव्या चाकापाशी वाकून पाहिलं. टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ होता आणि त्यावर वावरातली काळी माती चिकटली होती. गावातल्या मिस्त्रींनी चाकावरचा ब्रेकचा ड्रम काढला, आतला ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड स्क्रू ड्रायव्हरने उचलली, तसे आतून तपकिरी थेंब टपकले. “सर, ऑइल तं मी आताच टाकून देतो,” ते म्हणाले, “पन हे असंच वाहून रायलं तं घाटात काय करान?”

ते काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. शाळेत आपण पास्कलचा नियम शिकलो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. समजा, पायाने २० किलोचा जोर लावला. पेडलची तरफ तो चौपट करते, म्हणजे ८० किलो. (पायाचा जोर आणखी वाढवणाऱ्या बूस्टरची मदत बाजूला ठेवू.) पेडल ज्याला ढकलतं तो डबीखालच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन २० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर; दाब झाला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २५ किलो. हाच दाब पुढच्या कॅलिपरच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर पडला की जोर होतो ५०० किलो. वीसाचे पाचशे!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढला तितकं अंतर घटतं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १ सेंटीमीटर सरकला तर जेमतेम ३ घन सेंटीमीटर ऑइल पुढे ढकललं जातं. सगळी गाडी थांबवायची ती एवढ्याशा ऑइलवर. हे जमतं, कारण द्रव जवळपास दबतच नाही. दर चौरस सेंटीमीटरला १ किलो म्हणजे जवळपास एक वातावरणाचा दाब; अशा २५ वातावरणांच्या दाबाखाली पाण्याचं आकारमान हजारात साधारण एका भागाने घटतं.

आता त्या नळीत ३ घन सेंटीमीटर हवेचा बुडबुडा शिरला असं धरा. इथे बॉइलचा नियम लागू होतो: वायूवरचा दाब जितके पट वाढतो, तितके पट त्याचं आकारमान घटतं. वातावरणाचा मूळ दाब धरून आता एकूण दाब २६ पट झाला, म्हणून बुडबुडा २६ पट आकसला, उरला ०.१ घन सेंटीमीटरच्या आसपास. बाकीची जागा भरायला मास्टरचा पिस्टन ९ मिलिमीटर जास्त सरकावा लागतो आणि पायाखालचं पेडल त्याच्या चौपट, म्हणजे साडेतीन सेंटीमीटरहून जास्त खाली जातं. तुमचा पाय चाक धरत नसतो, बुडबुडा चेपत असतो. ब्रेक ‘स्पंजासारखा’ लागतो म्हणतात तो हाच. गळतीतलं खरं भय या हवेचं आहे. डबी रिकामी झाली की ती वरून शिरते, आणि चाकाच्या सिलिंडरमधला रबरी सील खराब असेल तर पाय उचलताना चाकाकडूनही ओढली जाऊ शकते.

हल्लीच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. एक गेला तरी दुसरा अर्धी गाडी धरतो. त्यामुळेच पेडल खोल जाऊनही गाडी थांबते आणि लोक तशीच चालवत राहतात.

आम्ही सिलिंडर उघडला. रबरी कपाच्या, म्हणजे सीलच्या, ओठावर केसासारखी चीर होती आणि आतल्या भिंतीवर गंजाचे टोचे पडले होते. अशा भिंतीवर नवा कपही फार टिकत नाही, म्हणून अख्खा सिलिंडरच अमरावतीहून एसटीच्या पार्सलने मागवला. ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर ऑइल प्यायले, की ते पेट्रोलने धुऊन परत लावायचे नसतात. मागच्या दोन्ही चाकांचे नवे टाकले.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नड आली म्हणून त्या डबीत इंजिन ऑइल किंवा गोडं तेल ओतू नका. ‘ब्रेक ऑइल’ हे नावच फसवं आहे. डॉट ३, डॉट ४ हे त्याचे नेहमीचे प्रकार ग्लायकॉल ईथर या रसायनांच्या जातीचे, पाण्यात मिसळणारे द्रव आहेत आणि सील त्यांनाच मानवणाऱ्या रबराचे असतात. खनिज तेलात ते रबर फुगतं. हेच द्रव हवेतला ओलावाही शोषतात. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १४० अंशांवर येते. परतवाड्याहून वर गेलेली गाडी घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला तर ड्रम आणि डिस्क भयंकर तापतात, ऑइल उकळतं, आणि नळीत पुन्हा वायूच. गाडीला अमावास्येला लिंबू-मिरची बांधणारी, चाकाखाली लिंबू चिरडणारी माणसं मी रोज पाहतो. त्याच चाकाच्या मागे वाकून पाहायला एक मिनिट लागतं, आणि जीव त्याने वाचतो.

शेवटी हवा काढायची. मिस्त्रींनी चाकापाशी हवा सोडायच्या निपलला, म्हणजे बारीक तोटीला, सलाइनची नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. मुलगी पेडलवर. “दाब… धरून ठेव… आता सोड.” निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत. आधी नळीतून काळपट ऑइल आलं, मग बुडबुड्यांची माळ, मग एकेकटा बुडबुडा. मधूनमधून डबी भरत चारही चाकं केली. शेवटी नळीत नुसती पिवळसर अखंड धार उरली. “बाबा, आता दबतच नाही,” मुलगी म्हणाली.

रात्री इंजिन सुरू करून मिनिटभर पेडल दाबून धरलं. ते खाली सरकलं नाही. चारही चाकांमागे पुठ्ठे ठेवून झोपलो. सकाळी पुठ्ठे कोरडे होते आणि डबीतली पातळी रात्रीच्याच जागी. चिखलदऱ्याला चार दिवस उशिरा गेलो, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.