पिस्तुलावरचा लेझर: ठिपका कुठे, गोळी कुठे

मीटिंगमध्ये पडद्यावरचे आकडे दाखवायला वापरतात तो लेझर पॉइंटर हातात घ्या. हात सरळ पुढे ताणा आणि समोरच्या भिंतीवरच्या विजेच्या बटणावर ठिपका धरून ठेवा. (घरात कुणाच्या डोळ्यावर जाणार नाही एवढं बघा.) पाच-दहा सेकंदांत लक्षात येतं की ठिपका बटणावर थांबत नाही, बटणाभोवती नाचतो. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि मधेमधे नाडीचा बारीक हिसका. मी करून पाहिलं तेव्हा थोड्याच वेळात खांदा भरून आला आणि ठिपका शेजारच्या कालनिर्णयावर जाऊन बसला. आता त्या पॉइंटरच्या जागी पाऊण किलोचं पिस्तूल आहे आणि शिवाय चापही ओढायचा आहे, असं समजा.

पिस्तुलावर लेझर बसवावा की नाही, हा वाद मुख्यतः अमेरिकेतला. आपल्याकडे पिस्तुलाच्या परवान्यासाठी सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. तिथे स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे कोट्यवधी लोक आहेत आणि पिस्तुलाला जोडायचे लेझर दुकानात सहज मिळतात. या वस्तूची भुरळ पडायला सिनेमाही कारणीभूत आहे. 1984च्या ‘द टर्मिनेटर’मधला लाल किरण आठवतो ना? त्या काळी लाल लेझर म्हणजे हेलियम-निऑन वायू भरलेली काचेची नळी, आणि ती पेटवायला हजारो व्होल्ट. त्यामुळे बॅटरी टर्मिनेटर साकारणाऱ्या नटाच्या जाकिटात लपवून तिथून वायर पिस्तुलापर्यंत आणावी लागली होती. आज तेच काम तांदळाच्या दाण्याहून लहान अर्धवाहक चिप करते.

लेझरशिवाय नेम धरतात तो असा. पिस्तुलाच्या नळीच्या पुढच्या टोकाला माशी म्हणजे छोटा उंचवटा असतो, मागे खाच. खाचेत माशी बरोबर मध्ये आणायची आणि ती लक्ष्यावर टेकवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतं, आणि इथे तर तीन अंतरं आहेत: खाच, माशी आणि लक्ष्य. म्हणून शिकवतात की नजर माशीवर ठेव, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. चाळिशी लागली की नेमकी ही माशीच धूसर व्हायला लागते. माशी आणि खाच यांच्यात साधारण 16 सेंटिमीटर अंतर असतं. तेवढ्यात माशी एक मिलिमीटर सरकली तर 10 मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर भरकटते.

लेझर हा गुंता एका फटक्यात सोडवतो. नेम लक्ष्यावरच उमटतो, नजर एकाच ठिकाणी. पिस्तूल डोळ्यासमोर आणायचीही गरज नाही; माणूस खाली पडलेला असेल, एक हात जायबंदी असेल, चष्मा हाताशी नसेल, तरी ठिपका दिसतो. हा फायदा खराच आहे.

पण ठिपका जिथे पडतो तिथेच गोळी लागेल असं नाही. लेझर नळीच्या आत बसत नाही, बहुतेक वेळा खाली बसतो. समजा तो तीन सेंटिमीटर खाली आहे आणि 7 मीटरवर ठिपका व गोळी एकत्र येतील असा जुळवला आहे. तिथून पुढे किरण वर चढत जातो आणि गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली येत राहते. सेकंदाला 350 मीटर वेग धरून गणित मांडलं, तर 21 मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे 7 सेंटिमीटर खाली लागते. यातला गुरुत्वाकर्षणाचा वाटा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, बाकीची सगळी भूमितीची करामत. खोलीभरच्या अंतरात याने काही बिघडत नाही, मैदानात बिघडतं.

मैदानात दुसरी अडचण उन्हाची. डोळ्याला सगळे रंग सारखे दिसत नाहीत. दिवसा तो 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो आणि 650च्या लाल प्रकाशाला त्याच्या जेमतेम एक दशांश. अमेरिकेच्या बाजारात अशा लेझरची ताकद सहसा 5 मिलिवॉटच्या आत असते. तेवढा लाल प्रकाश एक सेंटिमीटरच्या ठिपक्यात पडला तर सुमारे साडेचार हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) होतात. दिवाणखान्यात काही शे लक्स उजेड असतो, तिथे हा ठिपका झगझगीत दिसतो. भर दुपारचं ऊन मात्र एक लाख लक्सच्या घरात. त्यात साडेचार हजारांची भर म्हणजे भरल्या ताटात चिमूटभर मीठ. 532 नॅनोमीटरचा हिरवा ठिपका तेवढ्याच ताकदीत आठपट उजळ भासतो, म्हणून उन्हात हिरवा लेझर बरा. पण हा हिरवा रंग बरीच वर्षं आडवळणाने तयार होत असे: आधी अदृश्य अवरक्त किरण, मग स्फटिकातून त्याची तरंगलांबी अर्धी करायची. ही जुळणी तापमानाबाबत नाजूक असते, कडाक्याच्या थंडीत ठिपका मंदावतो. थेट हिरवा प्रकाश देणाऱ्या चिप आल्यापासून ही कटकट कमी झाली.

अंधारात वेगळाच धोका असतो. ठिपका आपल्या नळीचं तोंड कुठे आहे ते सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. मध्यरात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेला मुलगा आणि चोर, दोघांच्याही छातीवर ठिपका तितकाच लाल दिसेल. मला विचाराल तर लेझरच्या आधी टॉर्च हवी.

आता पुन्हा तो नाचरा ठिपका घेऊ. हात एक अंश हलला की 10 मीटरवर ठिपका साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. माशीने नेम धरतानाही हात एवढाच हलतो, फक्त लक्ष्य धूसर असल्यामुळे तो इतका डोळ्यात भरत नाही. लेझर हा थरथराट चव्हाट्यावर आणतो, आणि नवखा माणूस घाबरून ठिपका मध्यावर आला रे आला की चाप हिसकतो. त्या हिसक्यानेच नळी हलते आणि नेम चुकतो. गोळीबारातल्या बऱ्याच चुका डोळ्याच्या नसतात, बोटाच्या असतात, आणि बोटावर लेझरकडे काही इलाज नाही.

रोग मात्र तो अचूक दाखवतो. पिस्तूल पूर्ण रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला भिंतीवर ठिपका धरून चाप ओढला, तर ठिपक्याची उडी बोटाची चूक सांगते. मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकालाही ती दिसते. माझ्या मते लेझरची खरी जागा या सरावात आहे.

ऑलिंपिकच्या पिस्तूल नेमबाजीत तर लेझरला थाराच नाही. तिथे उघडी माशी आणि खाचच लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं ते असंच. त्या प्रकाराच्या अचूकता फेरीत दहा गुणांचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं, म्हणजे नेमबाजाच्या हातातून पाहिलं तर अंशाचा जेमतेम नववा हिस्सा.

आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत मात्र 2012च्या लंडन ऑलिंपिकपासून छर्ऱ्यांऐवजी लेझर पिस्तूल आलं. चाप ओढला की नळीतून किरण सुटतो आणि 10 मीटरवरचं लक्ष्य तो टिपून घेतं. तिथे लेझर म्हणजे गोळीच, आणि ती सोडण्याआधी खेळाडू नेम धरतो तो माशी आणि खाच जुळवूनच.