गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही: आमच्याकडे आणण्याआधी एवढं वाचा

"चावी फिरवली की कधी गाडी एका झटक्यात सुरू होते, कधी नुसता 'टक्' आवाज. सेल्फ बदलायचा का?" जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांकडून आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. न तपासता सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलू नका, हे त्याचं लहान उत्तर. मोठं उत्तर खाली दिलं आहे.

वेळ नेमका कुठे जातो

गाडी रस्त्यात अडते. मालक बॉनेट उघडतो, बॅटरीचे क्लॅम्प हलवतो, दोन-चार वायरी ओढून पाहतो, जम्पर लावतो किंवा धक्का मारून घेतो. गाडी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येते ती ठणठणीत. आम्ही सगळं मोजतो, सगळं बरोबर येतं. क्लॅम्प हलवल्यावर त्याच्या आणि शिशाच्या टोकाच्या मधे साचलेला क्षाराचा थर खरवडला गेलेला असतो, त्यामुळे आठवडाभर काही होत नाही. बिघाड गेलेला नसतो, फक्त आम्हाला दिसेनासा झालेला असतो. मग तो परत यावा म्हणून आम्ही गाडी तापवतो, थांबवतो, पुन्हा तापवतो. तुमच्या बिलातले तास असे वाढतात.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा) हे सगळं अंदाजाने बदलून झाल्यावर आलेली गाडी. मूळ दोष तसाच, आणि वर नव्या भागांचे नट नीट आवळले आहेत का हेही पाहायचं. काय बदललं ते सांगायचं राहून गेलं, तर आमचा अर्धा दिवस तिथेच जातो.

म्हणून एकच विनंती: बिघाड हजर आहे तोवर आधी मोजा, मग हलवा.

दोन मिनिटांची मोजणी

साधा डिजिटल मीटर गाडीत ठेवा. डीसी व्होल्ट, २० ची रेंज. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मोजायचं. गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढलेला, हात आणि कपडे पंख्यापासून व पट्ट्यापासून लांब. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

पहिलं माप बॅटरीवर. मीटरची टोकं क्लॅम्पवर नको, आतल्या शिशाच्या टोकांवरच टेकवा. गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता चावी फिरवा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. आकडा १२ च्या वरच राहिला आणि सेल्फ ढिम्म, तर करंट पुढे जातच नाही, म्हणजे हा बिघाड बॅटरीचा नाही. तिला शिव्या घालू नका आणि नवी तर अजिबात आणू नका.

दुसरं माप कुणी घेत नाही, पण आमच्या मते सर्वांत मोलाचं हेच. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर शंका घ्या. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगचा रस्ता, म्हणजे इंजिन आणि बॉडीतून करंट बॅटरीकडे परत येण्याची वाट, खराब आहे. हे माप करंट वाहत असतानाच खरं. सेल्फला करंट जातच नसेल तर शून्य येईल, आणि त्या शून्यावरून काहीच ठरत नाही.

तिसरं, सोलेनॉइडच्या (सेल्फला मोठा करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरवर. चावी स्टार्टला धरली असता इथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट यायला हवेत. आले आणि तरीही काही हललं नाही, तर सोलेनॉइड किंवा सेल्फ. न आले, तर दोष त्याच्या अलीकडे: इग्निशन स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा).

मीटर नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिची जाड जोडणी बघायची. दिवे लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर बारीक वायरींची बाजू.

"पण मी वायर तपासली, मीटर वाजला"

हे आम्ही नेहमी ऐकतो, म्हणून थोडं सविस्तर. मीटरचा 'बीप' फक्त रस्ता आहे एवढंच सांगतो, तो किती रुंद आहे ते नाही. जाड केबलमधली एकच तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो. सेल्फ मात्र १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त मागतो. जोडणीत फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याहून जास्त असतो, त्यामुळे ओहमवर हा दोष दिसूच शकत नाही. दाखवतात ते व्होल्टच, आणि तेही भार असताना.

गाडी गरम झाल्यावरच का अडते, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. तापमान १०० अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो, आणि बऱ्याच स्पोर्ट्स कारमधे सेल्फ एक्झॉस्टला चिकटून असतो. थंड असताना कशीबशी चालणारी जोडणी गरम झाल्यावर हात टेकते. सेल्फला उष्णतारोधक आवरण घालून उपयोग होतो, पण आधी अर्थिंग आणि केबल नीट करून घ्या.

इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी तुटली तर करंट दुसरा रस्ता शोधतो, कधी कधी चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा धूर दिसला तर लगेच थांबा.

गाडीगणिक काही खुणा

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. सगळे दोन्ही बॅटऱ्या तपासतात आणि त्यांना जोडणारी आखूड केबल विसरतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्हला अर्थिंग आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा वरचं दुसरं माप पॉझिटिव्ह टोकावरून घ्या आणि जम्पर लावण्याआधी दोनदा बघा. कॉर्व्हेट आणि लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची; ती करंट वाहत नाही. प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर लागते, आणि एक सुटली की इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा मिणमिणतो. पहिल्या माझदा एमएक्स-५ ची बॅटरी डिकीत असते, म्हणून लांब केबलची दोन्ही टोकं बघायची. पोर्शे ९४४ मधे इंजिन फिरतं पण पेटत नाही, असं झालं की आम्ही आधी डीएमई रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा) पाहतो. आतल्या झाळकामाला तडे जातात, गाडी कधी चालते कधी नाही. त्याचा एक जादा रिले गाडीत ठेवलेला बरा.

जुन्या ब्रिटिश गाड्यांतल्या ल्युकास कंपनीच्या वायरिंगला नावं ठेवायची पद्धत आहे. आमचं मत वेगळं आहे: पन्नास-साठ वर्षं जुनी बुलेट जोडणी (वायरींची गोळीच्या आकाराची जोडटोकं) कुणीही बनवलेली असली तरी गंजणारच. उलट त्यांचे रंग शिकायला सोपे आहेत. तपकिरी कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी तीच पण फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. तपकिरीला सहसा फ्यूज नसतो, म्हणून तिच्याशी खेळण्याआधी बॅटरीची अर्थिंगची बाजू काढा.

इंजिन फिरतं, पण

सेल्फ मारताना पेटतं आणि चावी सोडताच बंद पडतं? बॅलास्ट रेझिस्टर (चालू गाडीत इग्निशन कॉइलची वीज मर्यादित ठेवणारा रोध) किंवा स्विचचा 'ऑन'चा संपर्क गेला असेल. उलट, चावी सोडतानाच पेटत असेल तर स्टार्टच्या वेळी कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला) थेट मिळणारी वीज मिळत नाही.

चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडलं तर आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गियरमधे पळत असूनही काटा क्षणात शून्यावर आला तर इग्निशनची वीज गेली. काटा गाडीबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलची बाजू आधी तपासू. पॉइंटच्या (जुन्या, यांत्रिक इग्निशनच्या) गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) आतली बारीक वायर व्हॅक्यूमबरोबर सतत वाकत राहते आणि इन्सुलेशनच्या आत तुटते. वरून धडधाकट दिसते. हिने फार जणांना कार्बोरेटर उघडायला लावले आहेत.

एक जुनी सवय मात्र सोडा: चार्जिंग होतं का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचा क्लॅम्प काढणे. डायनॅमोच्या (अल्टरनेटरआधीच्या जनरेटरच्या) काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरवर त्याने व्होल्टेज उसळतं, डायोड जातात आणि जवळचं इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं. त्याऐवजी इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा, १३.८ ते १४.५ असेल तर चार्जिंग ठीक.

आमच्या पद्धतीबद्दल

"एक नट आवळला आणि इतके तास?" असं विचारलं जातं. नट आवळायला मिनिट लागतं; कोणता आवळायचा हे शोधण्याचे आम्ही पैसे घेतो, आणि आधी-नंतरची व्होल्टची मापं बिलासोबत लिहून देतो. गाडी रात्रभर ठेवून घेतो, कारण ती थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत बघावी लागते. फोनवर ऐकून खर्च सांगत नाही. तुम्ही आणलेला सेल्फ बसवून देऊ, पण मोजणीत जुना सेल्फच दोषी ठरला तर.

बऱ्याच गाड्यांना अर्थिंगच्या नव्या केबल आणि सोलेनॉइडसाठी एक रिले एवढंच पुरतं. रिलेमुळे जुन्या इग्निशन स्विचवरचा भार उतरतो. दोन्ही आम्ही गाडीच्या मापाने बनवतो, मूळ वायरिंग न कापता, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी असली तरी अडचण नाही.

येताना कागदावर लिहून आणा: गाडी थंड होती की गरम, बंद करून किती वेळ झाला होता, आवाज एकच 'टक्' की सलग 'टकटक' की शांतता, दिवे कसे होते, मापं काय आली, गेल्या वर्षभरात काय बदललं, अलार्म किंवा म्युझिक सिस्टीम कुणी बसवली. मापं घ्यायची राहिली असतील तरी चालेल, फक्त क्लॅम्प हलवले होते की नाही ते खरं सांगा. आणि इमोबिलायझर असलेली गाडी असेल तर दुसरी चावीही आणा.