सर्पिल अभ्यासक्रम

विषयातील पायाभूत संकल्पना लहान इयत्तेतच सोप्या पण खऱ्या रूपात मांडून पुढे पुनःपुन्हा, दर वेळी अधिक खोलवर, त्यांच्याकडे परतणारी अभ्यासक्रमरचना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर (१९१५–२०१६) यांच्या ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ (१९६०) या पुस्तकामुळे ही संज्ञा रूढ झाली. सप्टेंबर १९५९ मध्ये वुड्स होल (मॅसॅचूसेट्स) येथे भरलेल्या शास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेचा हा वृत्तांत होय. ब्रूनर तिचे अध्यक्ष होते.

कल्पनेच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनिअस (१५९२–१६७०) यांच्या शालेय रचनेत तेच विषय वरच्या टप्प्यांवर विस्ताराने येतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्ये शिक्षणप्रक्रियेला अखंड सर्पिलाची उपमा दिली. अध्यापक विद्यालयांत शिकवली जाणारी समकेंद्री पद्धतही याच कुळातली मानतात. मात्र तिच्यात माहितीचा परीघ वाढतो, तर ब्रूनर यांच्याकडे संकल्पनेचे आकलनरूपच बदलते. त्यामुळे मूळ कल्पनेपेक्षा तिला मिळालेल्या मानसशास्त्रीय बैठकीचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

थॉर्नडाइक व स्किनर या मानसशास्त्रज्ञांच्या वर्तनवादी (शिकणे म्हणजे दिसणाऱ्या वर्तनातील बदल मानणाऱ्या) परंपरेत पाठ्यांशाचे लहान तुकडे पाडून एकेक पक्का करीत पुढे जाण्यावर भर होता. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मांडलेल्या मुलांच्या विचारशक्तीच्या विकासावस्थांमुळे मुलाची तयारी होईपर्यंत थांबावे, असा अर्थ अनेकांनी काढला. ब्रूनर यांनी तो स्वीकारला नाही. ज्ञान कृती, प्रतिमा आणि प्रतीक या तीन रूपांत साठते. मुलाला झेपेल ते रूप निवडले, तर कोणताही विषय प्रामाणिकपणे शिकवता येतो, हे त्यांचे गृहीतक.

गणितज्ञ झोल्टान डीन्स यांच्यासह ब्रूनर यांनी आठ वर्षांच्या चार मुलांवर केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुलांना लाकडाचे मोठे चौरस, तेवढ्याच लांबीच्या अरुंद पट्ट्या आणि एकक चौरस दिले. मोठ्या चौरसाची बाजू किती एकक, हे सांगितले नव्हते. तिला फक्त ‘क्ष’ म्हणायचे. तो चौरस वाढवायचा, पण चौरसच राहू द्यायचा. पहिल्या वेळी दोन पट्ट्या व एक एकक चौरस लागला, मग चार व चार, मग सहा व नऊ. वर्गसमीकरणाचा हा आकृतिबंध मुलांनी आधी हातांनी ओळखला. चिन्हे त्यानंतर आली.

प्रत्यक्षात अनेक पाठ्यपुस्तकांत सर्पिल म्हणजे दरवर्षी त्याच धड्याची उजळणी, एवढेच उरते; खोली न वाढता होणारी पुनरावृत्ती ब्रूनर यांना अभिप्रेत नव्हती. सिंगापूरच्या गणित अभ्यासक्रमात १९८० च्या दशकापासून ब्रूनर यांच्या तीन रूपांशी जुळणारा मूर्त, चित्र, अमूर्त हा क्रम आढळतो.