कूलंट सोडणं आणि कूलिंग सिस्टीम धुणं: बिलावर एकच ओळ, पण कामं दोन

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला. एसी बंद केला तरी थांबेना. शेवटी गाडी कडेला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत पाऊण तास उन्हात उभे राहिलो. राग याचा आला की दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘कूलंट फ्लशिंग’, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव काढून सगळी सिस्टीम धुणं, असं लिहून पैसे घेतले होते.

पुण्यात परतल्यावर घराजवळच्या मेस्त्रींकडे गेले. गाडी पूर्ण गार होऊ दिल्यावर त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर विटकरी रंगाचा चिखल होता. “ताई, याला फ्लशिंग म्हणत नाहीत. खालून सोडलंय आणि वरून भरलंय, एवढंच.”

हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

सोडणं म्हणजे रेडिएटरच्या तळाची चावी उघडायची, किंवा चावी नसेल तर खालचा होज पाइप काढायचा, आणि येईल तेवढं कूलंट भांड्यात घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम. पण कूलंट काही फक्त रेडिएटरमध्ये नसतं. इंजिन ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पोकळ्या असतात, डॅशबोर्डमागे हीटरची छोटी जाळी असते, तिथलं कूलंट तिथेच राहतं. त्यात इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे ब्लॉक आणि रेडिएटर यांच्यामधली तापमानावर उघडणारी झडप, बंद असतो. ब्लॉकलाही बऱ्याच गाड्यांत वेगळा ड्रेन बोल्ट असतो, पण तो अडचणीच्या जागी असतो आणि जुन्या गाडीत गंजून घट्ट बसलेला. त्याला सहसा कुणी हात लावत नाही.

समजा सिस्टीममध्ये एकूण ६ लिटर मावतं आणि खालून ३ लिटर निघालं. वरून ३ लिटर नवं भरलं की आत निम्मं जुनंच. पुन्हा सोडलं-भरलं तर जुनं पाव राहतं, तिसऱ्यांदा आठवा हिस्सा. पातेल्यात निम्मं ताक ठेवून वर पाणी ओतत राहिलं तर ताक पातळ होत जातं, पण पातेलं काही धुतलं जात नाही, तसंच हे.

धुण्यात पातेलं घासायचं असतं. आधी कूलंट सोडायचं, मग साधं पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं. हीटर बंद असेल तर काही गाड्यांत त्या जाळीतून पाणी फिरतच नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडला की वरचा होज गरम लागतो आणि ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरकडे यायला लागतं. मग इंजिन बंद करून निवू द्यायचं, पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं. निघणारं पाणी नितळ दिसेपर्यंत हेच. काही जण रेडिएटर सोडवून त्यात उलट दिशेने, खालून वर पाणी सोडतात, म्हणजे बारीक नळ्यांत अडकलेला गाळ आल्या वाटेनेच बाहेर पडतो. मात्र नळाचा जोर बेताचा हवा. जुना रेडिएटर किंवा, तीही अशीच धुतली तर, हीटरची जाळी जास्त दाबाने फुटू शकते. या कामाला अर्धा दिवस जातो, म्हणूनच ते टाळलं जातं.

आत गाळ येतो कुठून? “इथे कुठे बर्फ पडतो” म्हणत आपल्याकडे रेडिएटरमध्ये पाणी टाकायची सवय आहे. निम्मं ग्लायकॉल (कूलंटचा मुख्य घटक) आणि निम्मं पाणी असलेलं कूलंट उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि त्या गुणाचा पुण्यात उपयोग नाही हे खरं. पण पुण्याच्या उंचीवर साधं पाणी उघड्यावर ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकणाचा १.१ बारचा दाब धरला तरी सुमारे १२१ अंशांना. तेच निम्म्या-निम्म्याचं मिश्रण त्याच दाबाखाली सुमारे १२९ अंशांपर्यंत टिकतं. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, ती पाण्यात नसतात. त्यातून ते पाणी सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं असलं, तर त्यातले क्षार गरम धातूवर बसतात. तांब्याच्या बंबात आतून चढणारा पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे तो थर अशा जागी बसतो जिथे खरवडायला हात पोचत नाही.

म्हणून निवड अशी करावी. निघालेलं कूलंट स्वच्छ असेल, त्याचा मूळ रंग टिकून असेल, मॅन्युअलमधली मुदत पाळलेली असेल आणि त्याच प्रकारचं नवं भरायचं असेल, तर नुसतं सोडणं पुरेसं आहे. अशा गाडीला फ्लशिंग लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. कूलंट विटकरी झालं असेल, मधल्या काळात पाणी ओतत राहिला असाल, किंवा प्रकार बदलायचा असेल, तर धुवायलाच हवं. प्रकार रंगावरून ठरवू नका. हिरवं, लाल, गुलाबी हे कंपन्यांनी दिलेले रंग आहेत, त्यांना एकच नियम नाही. कूलंट दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर मात्र दोन्ही थांबवा. त्यात ऑइल मिसळतंय, तेव्हा आधी हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) आणि ऑइल कूलर तपासा.

आता चांगल्या मेस्त्रींकडूनही निसटते ती गोष्ट. धुऊन झाल्यावर शेवटचं पाणी सोडलं तरी ब्लॉकमध्ये पाणी अडकून राहतंच. आपल्या उदाहरणात ३ लिटर. त्यावर बाजारातलं तयार, निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट ३ लिटर ओतलं, तर सिस्टीममध्ये ग्लायकॉल उरतं फक्त २५ टक्के आणि गंजरोधकही निम्मे. मेहनत करून गाडी आधीपेक्षा वाईट अवस्थेत जाते. धुतल्यावर त्या ३ लिटरच्या जागेत घट्ट, न मिसळलेलं कूलंट भरायचं, म्हणजे प्रमाण निम्म्यावर येतं. आणि आत राहणारं पाणी चांगलं असावं म्हणून शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची करायची. नुसतं सोडून भरताना उलट तयार मिश्रणच योग्य. ‘रेडी टू यूज’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ हे कॅनवरचे शब्द वाचूनच कॅन घ्या.

भरताना आत अडकलेली हवा काढणं दोन्हींत सारखं: गाडीची पुढची बाजू जरा उंच, हीटर गरमवर, पंखा लागेपर्यंत इंजिन चालू, पातळी उतरली की भर. हे इंजिन गार असताना झाकण काढूनच सुरू करायचं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत जवळपास स्वयंपाकघरातल्या कुकरइतका दाब असतो, आणि शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

जुन्या गाडीत धुतल्यानंतर कुठून तरी गळती सुरू झाली की लोक फ्लशिंगला दोष देतात. बहुतेकदा भोक आधीच असतं, क्षाराने बुजलेलं. माझ्या गाडीचा रेडिएटर असाच तिसऱ्या दिवशी ठिबकू लागला आणि नाना पेठेतून नवा आणावा लागला. घाटात फुटण्याऐवजी घरासमोर ठिबकला, याचं मला समाधानच वाटलं.

निघालेलं कूलंट गटारात किंवा पार्किंगच्या फरशीवर सोडू नका. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडक्या कूलंटनेही दगावतात. धुताना बादल्या भरभरून पाणी निघतं, त्यात सर्वांत जहाल ते पहिलं ३ लिटर, पण पहिल्या धुण्याच्या पाण्यातही आत राहिलेलं जुनं कूलंट असतंच. ते दोन्ही मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘जुनं कूलंट’ लिहून मेस्त्रींकडे देते. जुन्या ऑइलच्या पिंपात ते ओतायचं नाही, हेही सांगते.