एनडीएम-१

एनडीएम-१ हे काही जिवाणूंच्या पेशीत तयार होणारे एन्झाइम आहे. पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत बीटा-लॅक्टम गटातील जवळजवळ सगळी अँटिबायोटिक्स ते निकामी करते. पूर्ण नाव न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१. ते घडवणाऱ्या जनुकालाही व्यवहारात याच नावाने ओळखतात. एनडीएम-१ हा रोग नव्हे आणि कोणता एक जिवाणूही नव्हे. २०१० मध्ये वर्तमानपत्रांनी त्याला ‘सुपरबग’ म्हटले, तेव्हापासूनचा हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही.

बीटा-लॅक्टम औषधांच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जिवाणूची पेशीभित्ती उभारणारी प्रथिने या कड्यापाशी अडकतात आणि बंद पडतात. भिंत कच्ची राहते व जिवाणू फुटतो. एनडीएम-१ च्या गाभ्यात जस्ताचे दोन आयन असतात. त्यांच्या साहाय्याने ते पाण्याच्या रेणूकरवी हे कडे तोडते आणि औषध जिवाणूपर्यंत पोहोचूनही वाया जाते. इमिपेनेम, मेरोपेनेम ही कार्बापेनेम गटाची इंजेक्शने आयसीयूत बाकीची औषधे थकल्यावर काढायची, म्हणून त्यांच्यावरचा हा घाला डॉक्टरांना फार झोंबला. अँटिबायोटिकला अशा एन्झाइम्सपासून वाचवण्यासाठी सोबत दिली जाणारी क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारखी जोडऔषधे या एन्झाइमला रोखू शकत नाहीत. बीटा-लॅक्टम गटातले अॅझ्ट्रिओनॅम तेवढे त्याच्या तावडीतून सुटते.

खरी काळजी जनुकाच्या प्रवासाची आहे. ते बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळावर असते आणि एक जिवाणू त्याची प्रत दुसऱ्याला देतो, मग तो दुसऱ्या जातीचा का असेना. क्लेब्सिएला, ई. कोलाय, अॅसिनेटोबॅक्टर अशा वेगवेगळ्या जिवाणूंत ते आढळते ते यामुळेच. जनुकाच्या रचनेवरून ते अॅसिनेटोबॅक्टरमध्ये दोन तुकडे जोडले जाऊन जन्मले असावे, असे संशोधक मानतात. त्याच प्लाझ्मिडवर इतर गटांतील औषधांचा प्रतिरोध करणारी जनुकेही अनेकदा सोबत असतात. त्यामुळे मेरोपेनेमचा थेंबही न घेतलेल्या माणसाच्या आतड्यात, दुसऱ्याच एखाद्या अँटिबायोटिकच्या विनाकारण घेतलेल्या कोर्सने, या जिवाणूंचे फावते.

प्रयोगशाळेत हे एन्झाइम ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. रुग्णाच्या लघवीतून किंवा रक्तातून वाढवलेला जिवाणू अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) बशीवर कापसाच्या बोळ्याने सारखा पसरतात. त्यावर इमिपेनेमच्या दोन चकत्या ठेवतात, एक नुसती आणि दुसरी ईडीटीए हे रसायन घातलेली. रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवल्यावर बशी ढगाळ होते. नुसत्या चकतीभोवती वाढ थेट कडेपर्यंत भिडलेली दिसते, तर ईडीटीएच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. ईडीटीए जस्त ओढून घेते आणि जस्ताविना हे एन्झाइम लुळे पडते. दोन वर्तुळांच्या व्यासात ७ मिमी किंवा अधिक फरक असेल तर मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज आहे असे धरतात. ते नेमके एनडीएमच आहे का, हे जनुक शोधणाऱ्या पीसीआर चाचणीने ठरते. नमुना घेतल्यापासून पारंपरिक कल्चर रिपोर्ट हाती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात आणि तोवर डॉक्टरांना अंदाजानेच औषध चालवावे लागते.

शोधाची कथा स्वीडनमध्ये सुरू होते. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाला भारतात असताना नवी दिल्लीत रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. परतल्यावर जानेवारी २००८ मध्ये त्याच्या लघवीत हे जनुक असलेला क्लेब्सिएला सापडला. पुढे त्याच्याच विष्ठेतील ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळाले. एकाच शरीरात ते एका जातीतून दुसरीत गेले असावे, याचा हा बोलका पुरावा होता. हे संशोधन डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे निष्कर्ष मांडले : कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होते. हे भारतीय डॉक्टरांनी भारतातच, परदेशी गदारोळाच्या आधी सांगितले होते, याची नोंद व्हायलाच हवी. नंतर साठवणीतले जुने नमुने तपासले, तेव्हा २००६-०७ मध्येच दिल्ली, मुंबई आणि पुण्याच्या रुग्णालयांत हे जनुक होते असे दिसले.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात चेन्नई, हरियाणा, ब्रिटन आणि उपखंडातील इतर ठिकाणचे १८० नमुने प्रसिद्ध झाले आणि वाद पेटला. भारतात उपचार घेऊन आलेल्या ब्रिटिश रुग्णांचा त्यात उल्लेख होता. त्यामुळे परदेशी रुग्णांना स्वस्त शस्त्रक्रियेसाठी भारतात आणणाऱ्या व्यवसायाला बदनाम करण्याचा हा डाव आहे, असे आरोप झाले. आरोग्य मंत्रालयाने निषेध केला. राजधानीच्या नावाला आक्षेप घेणे समजण्याजोगे होते, मात्र व्हेरोना आणि साओ पाउलो या शहरांची नावेही अशाच एन्झाइम्सना आधीपासून होती. नावावरच्या भांडणात मुंबईच्या त्या २२ नमुन्यांकडे दुर्लक्ष झाले, हे या प्रकरणातले खरे नुकसान.

एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास आला. मध्य दिल्लीपासून १२ किमीच्या टापूत रस्त्यावर साचलेल्या व गटारातून झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये हे जनुक मिळाले. पटकी आणि हगवणीच्या जिवाणूंतही ते शिरलेले होते. प्लाझ्मिडची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअसला सर्वाधिक होते असेही आढळले, आणि उत्तर भारतात वर्षातले कित्येक महिने पाणी तेवढे ऊबदार असते. प्रतिरोधाचे खापर फक्त गोळ्या अर्धवट सोडणाऱ्या रुग्णावर फोडण्याची सवय आहे. ज्या वस्तीत गटाराशेजारून नळ जातो, तिथल्या माणसाने कोर्स काटेकोर पूर्ण केला तरी हे जनुक त्याच्या पोटात जाऊ शकते. शौचालये, मलनिस्सारण आणि क्लोरिनयुक्त पाणी यांना प्रतिरोधाच्या लढाईत औषधांइतकेच मोल आहे.

हे जनुक आता सर्व वस्ती असलेल्या खंडांवर पोहोचले आहे. आर्क्टिकमधील स्वालबार्डच्या मातीतही ते २०१३ च्या नमुन्यांत सापडले. त्याचे ४० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. भारतात नवजात अर्भकांच्या कक्षातील जंतुसंसर्गात ते वारंवार आढळते. आईचे दूध नीट सुरू होण्याआधीच बाळाला कोलिस्टिनसारखे मूत्रपिंडाला जाचणारे औषध द्यावे लागते, ही या विषयातली सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

वादानंतर सरकार हलले. २०११ मध्ये प्रतिरोध रोखण्यासाठी राष्ट्रीय धोरण आले. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी, लागू झाले. त्यातील सुरुवातीच्या ४६ औषधांत कार्बापेनेम्स, तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स आणि क्षयाची औषधे आहेत. ती विकताना औषध दुकानदाराने डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. कार्बापेनेमचा जवळचा नातेवाईक असलेली फॅरोपेनेमची गोळीही या यादीत आहे, आणि ते योग्यच झाले, कारण तोंडाने घेता येत असल्याने ती साध्या दुखण्यालाही लिहून दिली जाण्याची भीती होती. अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र एच-१ मध्ये नाही. मेडिकलमध्ये ते चिठ्ठीशिवाय मिळणे अनेक गावांत आजही अवघड नाही.

उपचारात अॅझ्ट्रिओनॅमला महत्त्व आले. एनडीएम त्याला तोडत नसले, तरी त्याच जिवाणूतील इतर एन्झाइम्स तोडतात, म्हणून सोबत त्यांना रोखणारे अॅव्हिबॅक्टम देतात. ही तयार जोडी युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाली. भारतातील एनडीएमधारी ई. कोलायच्या अनेक वाणांत मात्र पेशीभित्ती उभारणाऱ्या एका प्रथिनात चार अमिनो आम्लांची भर पडलेली आढळते आणि त्यामुळे या जोडीचा जोर कमी पडतो. वोकहार्ट कंपनीने विकसित केलेल्या सेफेपिम-झिडेबॅक्टम या जोडीतील झिडेबॅक्टम पेशीभित्तीच्या दुसऱ्याच प्रथिनाला धरते, त्यामुळे अशा वाणांसाठी तिच्याकडे लक्ष लागले आहे.