म्युझियममधले ‘अ‍ॅम्बॅसडर’ प्राणी: हुद्दा आणि खुराक

अमेरिकेतल्या अनेक निसर्ग म्युझियमांच्या देणगीअर्जावर ‘अ‍ॅम्बॅसडर प्राण्यांच्या देखभालीसाठी’ असा वेगळा रकाना असतो. अ‍ॅम्बॅसडर म्हणजे राजदूत; इथे लोकांना जवळून, हातावर घेऊन दाखवायचा जिवंत प्राणी. देखभालीचा प्रश्न फार जुना आहे, हे नाव मात्र कालपरवाचं.

१२५२ मध्ये नॉर्वेहून इंग्लंडच्या राजाला पांढरं अस्वल भेट आलं. ते टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवलं आणि त्याच्या खुराकाचे रोजचे चार पेन्स शहराच्या शेरिफांनी द्यावेत असा हुकूम निघाला. भेट राजाला, भुर्दंड शहराला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने लोकांना प्राणी ‘दत्तक’ घ्यायला सांगितलं आणि भुर्दंडाची वर्गणी झाली. आजच्या योजनांचा साचा साधारण तोच.

हातावर घेऊन दाखवायचा प्राणी मात्र वाढला तो अमेरिकेतल्या मुलांच्या म्युझियममध्ये. ब्रुकलिनचं १८९९ चं, पालो आल्टोचं १९३४ चं, सॅन फ्रान्सिस्कोचं १९३७ चं. हे शेवटचं तर शहराच्या जुन्या तुरुंगात सुरू झालं. काचेच्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी आणि शेजारच्या खोलीत जिवंत साप, असा तो संसार. काही ठिकाणी वाचनालयातून पुस्तक न्यावं तसे ससे-उंदीर मुलांना चार दिवस घरी नेता येत. प्राणी सांभाळणाऱ्या आजच्या कीपरच्या अंगावर हे ऐकून काटा येईल.

सत्तरच्या दशकात कायदे आले. १९६६ चा प्राणी-कल्याण कायदा मुळात प्रयोगशाळांसाठीचा; १९७० मध्ये प्रदर्शनातले प्राणीही त्यात घेतले. साप, सरडे, कासवं त्यात आजही नाहीत, कारण त्या कायद्याला उष्ण रक्ताचेच प्राणी दिसतात. गरुड, ससाणे, घुबडं १९७२ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली आली आणि परवान्याशिवाय ती पाळणं बंद झालं. त्यामुळे म्युझियममधल्या चामडी हातमोज्यावर बसू लागला तो मुख्यतः जखमी पक्षी: गाडीच्या धडकेत पंख गेलेला, पुन्हा रानात सोडता न येणारा. १९७५ मध्ये साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूच्या भीतीने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

खरा गुंता नावाचा. या प्राण्यांना आधी ‘एज्युकेशन अ‍ॅनिमल’ म्हणत, मग ‘प्रोग्राम अ‍ॅनिमल’. २०१५ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने ‘अ‍ॅम्बॅसडर अ‍ॅनिमल’ हा शब्द धोरणात घेतला आणि म्युझियमांनीही तो उचलला. व्याख्या अशी, की लोकांशी भेट घडवण्यासाठी आणि शिक्षण-संवर्धनाच्या हेतूने कर्मचारी किंवा स्वयंसेवक ज्याला हाताळतात वा शिकवून तयार करतात तो प्राणी. कुणी पूर्णवेळ, कुणी प्रसंगापुरता. म्हणजे ही जात नव्हे, हुद्दा.

समर्थकांचं म्हणणं, ‘प्रोग्राम’ शब्दाने प्राणी प्रोजेक्टरच्या रांगेत बसत होता. विरोधकांचा सवाल, की राजदूत पाठवणारा कोण? मराठी दप्तरांत परदरबारी जाणाऱ्याला ‘वकील’ म्हणत. त्याला धनी असे, आणि परतीची वाटही असे. हातावर फिरणारा कॉर्न स्नेक हा साप बहुधा पैदाशीतला; ज्या रानाची बाजू तो मांडतो ते त्याने पाहिलेलंही नसतं. त्यात चिंपांझींवरच्या २००८ आणि २०११ च्या अभ्यासांनी दाखवलं, की माणसासोबतच्या आणि जाहिराती-सिनेमांतल्या प्रतिमा पाहून लोकांना हा प्राणी संकटात नाही, पाळायलाही बरा, असं वाटू लागतं. वकिलाने एक सांगावं आणि दरबाराने उलटंच ऐकावं, तसं.

तरीही नवं नाव जुन्यापेक्षा बरंच म्हणावं लागेल, ते म्हातारपणासाठी. कार्यक्रम संपला की ‘प्रोग्राम’चा प्राणी हिशेबात अडगळ ठरतो, हुद्द्यावरचा निवृत्त होतो, आणि निवृत्ताला पोसावं लागतं हे देणगीदाराला पटवता येतं. अर्थात गणित अवघड आहेच. देणगी बहुधा एका वर्षाची, बॉक्स टर्टल हे कासव पन्नास वर्षं सहज काढतं, बॉल पायथन हा अजगर तीस. ओपॉसम हा पिल्लांना पोटपिशवीत वाढवणारा अमेरिकी प्राणी मात्र चार वर्षांचाही क्वचित होतो, आणि फोटोत गोड तोच दिसतो. म्हणून अनेक योजनांत पैसे एका प्राण्याच्या नावे न ठेवता एकत्र खात्यात जातात: ओपॉसमच्या ‘पालका’च्या पैशात घुबडाचे गोठवलेले उंदीर येतात. यात फसवणूक नाही, पण ‘दत्तक’ शब्द वाचून ते लक्षात येत नाही.

मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली, तिकिटं थांबली, खुराक थांबला नाही. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड निघाला आणि मांजरकुळातल्या प्राण्यांना माणसांपासून दूर ठेवणं आलं. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने पक्ष्यांनाही आत बसवलं. भेटीच बंद, तरी हुद्दा कायम, अशी विचित्र अवस्था. २०२३ मध्ये अमेरिकेत पक्ष्यांच्या देखभालीचे केंद्रीय नियम एकदाचे छापून आले. प्राणी-कल्याण कायद्यातली वाट २००२ मध्येच मोकळी झाली होती.

आपल्याकडे हातावर घेऊन दाखवण्याची ही परंपरा रुजली नाही. वन्यजीव कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचायला, त्रास द्यायला, खाऊ घालायलाही मनाई केली. पैशाची बाजू मात्र तीच आली. म्हैसूरपासून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत दत्तक योजना आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात प्राणी-कल्याण सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या समाजकार्याच्या, यादीत आल्यावर कंपन्यांनाही हा मार्ग मिळाला. इथे ‘दत्तक’चा अर्थ वर्षभराचा खर्च एवढाच: वाघ बोरिवलीतच, पिंजरा वनखात्याचाच.