शाळा मंडळाच्या विश्वस्ताची प्रांतिक पोटनिवडणूक (ऑन्टारियो, कॅनडा)

कॅनडात सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर मतदारांनी निवडून दिलेल्या सदस्याला स्कूल ट्रस्टी म्हणतात. प्रांताच्या विधानसभेतली एखादी जागा मुदतीआधी रिकामी झाली की अशा ट्रस्टीला पक्षाची उमेदवारी देऊन पोटनिवडणुकीत उतरवण्याची प्रथा तिथे जुनी आहे. या नोंदीत प्रामुख्याने ऑन्टारियो प्रांतातल्या पद्धतीची माहिती दिली आहे. ‘विश्वस्त’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर शिक्षणसंस्थेच्या नोंदणीकृत न्यासाचा पदाधिकारी, म्हणजे संस्थाचालक, येतो. ऑन्टारियोच्या विश्वस्ताचा कोणत्याही मालमत्तेशी वा देणगीदाराशी संबंध नसतो. तो वॉर्डातून मते मागून येतो, दर चार वर्षांनी पुन्हा लोकांसमोर जातो आणि त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते.

शाळा मंडळे आणि विश्वस्ताचे पद

ऑन्टारियोत ७२ जिल्हा शाळा मंडळे आहेत: ३१ इंग्रजी सार्वजनिक, २९ इंग्रजी कॅथलिक, ४ फ्रेंच सार्वजनिक आणि ८ फ्रेंच कॅथलिक. एकाच गल्लीतली चार घरे चार वेगवेगळ्या मंडळांचे मतदार असू शकतात, कारण प्रत्येक मतदाराला यांपैकी एकाच मंडळासाठी मत देता येते. विश्वस्तांची निवडणूक नगरपालिकेच्या निवडणुकीबरोबरच, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होते. मागची २४ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली.

मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, धोरणे ठरवते आणि शिक्षण संचालकाची नेमणूक करते. एकट्या विश्वस्ताला मात्र कसलाच अधिकार नाही. तो मुख्याध्यापकाला आदेश देऊ शकत नाही, शिक्षकाची बदली करू शकत नाही. मंडळाने बहुमताने ठरवलेली गोष्ट त्याने विरोधात मत दिले असले तरी अमलात आणायला साथ देणे, हे शिक्षण कायद्याने त्याचे कर्तव्य ठरवले आहे. मानधनाचा मूळ भाग वर्षाला ५,९०० डॉलर असतो आणि विद्यार्थिसंख्येनुसार त्यात भर पडते. प्रांतिक आमदाराचे वार्षिक वेतन २००९ पासून २०२५ पर्यंत १,१६,५५० डॉलरवर गोठवलेले होते. विश्वस्तपद हे नोकरी सांभाळून करायचे काम आहे, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

विश्वस्त प्रांताकडे का वळतो, याचे खरे उत्तर १९९७ मध्ये सापडते. त्या वर्षी प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) माइक हॅरिस यांच्या सरकारने १२९ मंडळांची ७२ केली, आणि पाठोपाठ शाळांसाठी स्थानिक मालमत्ता कराचा दर ठरवण्याचा मंडळांचा अधिकार प्रांताकडे घेतला. हॅरिस यांची स्वतःची राजकीय सुरुवात १९७४ मध्ये निपिसिंग भागात शाळा विश्वस्त म्हणूनच झाली होती, हे इथे आवर्जून सांगायला हवे. तेव्हापासून प्रति विद्यार्थी किती पैसा, वर्गात किती मुले, नवी इमारत केव्हा, हे सगळे प्रांताची राजधानी टोरोंटोत क्वीन्स पार्क येथील सरकार ठरवते. पालकांच्या तक्रारी मात्र विश्वस्ताच्या फोनवर येतात. पाच-सात वर्षे हे सोसलेला माणूस निर्णय जिथे होतो तिथे जायचे ठरवतो, यात नवल काही नाही.

कायद्याची चौकट

विश्वस्ताने पदावर राहून प्रांतिक निवडणूक लढवायला मनाई नाही. राजीनामा द्यावा लागत नाही. रजाही कायद्याने सक्तीची नाही. मनाई आहे ती दोन्ही पदे एकाच वेळी धारण करण्याला. प्रांतिक विधानसभेचा, कॅनडाच्या संसदेचा किंवा सेनेटचा सदस्य शाळा मंडळावर बसायला अपात्र ठरतो. त्यामुळे हरलेला विश्वस्त पुढच्या बैठकीला आपल्या खुर्चीवर हजर राहू शकतो, आणि जिंकलेल्याची खुर्ची रिकामी होते. मंडळाच्या नोकरीत असलेल्या शिक्षकाला विश्वस्तपद लढवण्यासाठी बिनपगारी रजा घ्यावी लागते. प्रांताच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या विश्वस्तावर तशी अट नाही, कारण तो मंडळाचा नोकर नसतो.

प्रांतिक उमेदवार किमान १८ वर्षांचा, कॅनडाचा नागरिक आणि मतदानाच्या दिवसापूर्वी किमान सहा महिने ऑन्टारियोत राहणारा असावा लागतो. मतदारसंघातच राहण्याची अट नाही. मताचा अधिकारही फक्त नागरिकांना आहे. कायम रहिवासी असलेल्या मराठी कुटुंबाची मुले मंडळाच्या शाळेत शिकत असतील, तरी आईवडिलांना ना विश्वस्तासाठी मत देता येते ना आमदारासाठी.

पोटनिवडणुकीचे २९ दिवस

जागा रिकामी झाल्याची अधिकृत सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निवडणुकीचा आदेश निघावा लागतो. भारतातही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. फरक असा की ऑन्टारियोत त्या सहा महिन्यांतली नेमकी तारीख सरकार आपल्या सोयीने निवडते. आदेश बुधवारी निघतो आणि मतदान त्यानंतरच्या पाचव्या गुरुवारी, म्हणजे २९व्या दिवशी होते. अर्ज भरण्याची मुदत मतदानाच्या दोन आठवडे आधीच्या गुरुवारी दुपारी दोन वाजता संपते. अर्जावर मतदारसंघातल्या किमान २५ मतदारांच्या सह्या हव्यात. जाणते कार्यकर्ते चाळीस-पन्नास सह्या गोळा करतात. पत्ता चुकलेला, नागरिक नसलेला, रस्त्यापलीकडच्या शेजारच्या मतदारसंघातला, अशा सह्या छाननीत गळतातच.

खरी लढत याच्या आधी पक्षात होते. विश्वस्ताने पक्षाचे सदस्यत्व घ्यावे लागते, स्थानिक सदस्यांच्या सभेत उमेदवारी जिंकावी लागते आणि त्याआधी पक्षाच्या पडताळणीतून जावे लागते. तिथे मंडळाच्या जुन्या बैठकांची चित्रफीत बाहेर काढली जाते. एखादी शाळा बंद करण्याच्या ठरावावर कोणत्या बाजूने हात वर केला होता, हे विरोधकांच्या आधी स्वतःच्या पक्षाला माहीत असलेले बरे.

पैशाचा हिशेब पूर्णपणे नवा. प्रांतिक उमेदवाराला मुख्य वित्त अधिकारी आणि लेखापरीक्षक नेमून नोंदणी करावी लागते; त्याआधी देणगी घेता येत नाही. विश्वस्तपदाच्या प्रचारखात्यात उरलेले डॉलर इकडे वळवता येत नाहीत. ती शिल्लक नियमानुसार नगरपालिकेच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा होते. कंपन्या आणि कामगार संघटना २०१७ पासून प्रांतिक पक्षांना वा उमेदवारांना देणगी देऊ शकत नाहीत. विश्वस्ताला हे जाणवते, कारण शाळा कर्मचाऱ्यांच्या संघटना हाच त्याचा सर्वांत जवळचा आधार असतो. संघटनांचे सभासद स्वतःच्या खिशातून पैसे देऊ शकतात आणि सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरू शकतात. पोटनिवडणुकीत दुसऱ्या मदतीचे मोल अधिक.

किचनर-वॉटर्लू, ६ सप्टेंबर २०१२

या प्रथेचे सर्वांत ठळक उदाहरण हेच. २०११ च्या निवडणुकीत १०७ पैकी ५३ जागा मिळवून प्रीमियर डाल्टन मॅकगिन्टी यांचा लिबरल पक्ष बहुमतापासून एका जागेने दूर राहिला होता. एप्रिल २०१२ मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एलिझाबेथ विटमर यांनी सरकारी नेमणूक स्वीकारून किचनर-वॉटर्लूची जागा सोडली. विटमर स्वतः आमदार होण्यापूर्वी वॉटर्लू काउंटीच्या शिक्षण मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि पुढे प्रांताच्या शिक्षणमंत्री झाल्या. ही जागा आणि त्याच दिवशी मतदान असलेली वॉनची जागा, दोन्ही लिबरलांनी जिंकल्या असत्या तर ५४ चा आकडा गाठला गेला असता.

न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने कॅथरीन फाइफ यांना उभे केले. त्या २००३ पासून वॉटर्लू विभागाच्या शाळा मंडळावर होत्या, मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि प्रांतातल्या सार्वजनिक शाळा मंडळांच्या संघटनेचे नेतृत्व करत होत्या. २००७ मध्ये त्या प्रांतिक निवडणूक लढून हरल्या होत्या. ऑगस्टमध्ये सरकारने शिक्षकांचे वेतन गोठवणारे आणि संपावर बंधने आणणारे ११५ क्रमांकाचे विधेयक आणले. शिक्षकांचे मालक कायद्याने मंडळे. करार मात्र त्यांच्या डोक्यावरून ठरत होता. मंडळांची ही तक्रार मांडणारी व्यक्तीच मतपत्रिकेवर होती. शाळा मंगळवारी, ४ सप्टेंबरला सुरू झाल्या आणि गुरुवारी मतदान झाले. शिक्षणाचा वाद पेटलेला असताना शाळा उघडण्याच्या आठवड्यात मतदान ठेवणे ही सरकारची चूक होती, असे म्हणायला पुरेशी जागा आहे.

फाइफ यांना सुमारे ४० टक्के मते मिळाली. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार सुमारे ३२ टक्क्यांवर आणि लिबरल २४ टक्क्यांवर राहिले. वॉन लिबरलांनी राखले, पण बहुमत हुकले. विधेयक पाच दिवसांनी, ११ सप्टेंबरला मंजूर झाले. १५ ऑक्टोबरला मॅकगिन्टी यांनी पद सोडण्याची घोषणा केली. पुढे एप्रिल २०१६ मध्ये ऑन्टारियोच्या सुपीरियर न्यायालयाने त्या कायद्याने सामूहिक वाटाघाटींच्या घटनात्मक हक्काचा भंग झाल्याचा निकाल दिला. मॅकगिन्टी यांच्या जागी फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या कॅथलीन विन याही टोरोंटोच्या शाळा मंडळावर २००० मध्ये निवडून आलेल्या माजी विश्वस्त; मात्र त्यांचा विधानसभा प्रवेश २००३ च्या सार्वत्रिक निवडणुकीतून झाला होता.

स्कारबरोतली साखळी

एका पदावरून दुसऱ्यावर गेले की मागे पोकळी राहते, हे टोरोंटोच्या स्कारबरो भागात लागोपाठ दिसले. ऑक्टोबर २०१५ मध्ये शाळा विश्वस्त शॉन चेन संसदेवर निवडून गेले. त्यांच्या रिकाम्या जागी जानेवारी २०१६ च्या पोटनिवडणुकीत नीतन शान विश्वस्त झाले. काही महिन्यांतच स्कारबरो-रूज रिव्हरची प्रांतिक जागा रिकामी झाली आणि १ सप्टेंबर २०१६ रोजी शान न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहून तिसरे आले. जिंकले ते नगरसेवक रेमंड चो. मग चो यांचे नगरसेवकपद रिकामे झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते शान यांनी जिंकले. म्हणजे मंडळावर पुन्हा जागा रिकामी. त्या प्रांतिक लढतीत लैंगिक शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम हा मोठा मुद्दा होता. शाळेचा मुद्दा असला म्हणजे मते विश्वस्ताकडेच वळतील, असे गृहीत धरता येत नाही, हे इथे दिसले. अभ्यासक्रम प्रांत ठरवतो. तो राबवणाऱ्या मंडळाचा सदस्य असणे एखाद्या नाराज पालकाच्या लेखी दोषच ठरू शकते.

पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात २४ जून २०२३ रोजी लँगफर्ड-हुआन द फुका येथे सूक शाळा मंडळाचे अध्यक्ष रवी परमार निम्म्याहून अधिक मते घेऊन जिंकले. माजी प्रीमियर जॉन होर्गन यांनी सोडलेली ती जागा. लँगफर्डची वस्ती झपाट्याने वाढत होती, २०२२ मध्ये तिथे दोन नव्या शाळा उघडल्या होत्या. दाखवण्यासारखे काम उमेदवाराच्या हाताशी होते.

चुका कुठे होतात

पहिली आणि नेहमीची चूक पालकांच्या ईमेल यादीची. विश्वस्त म्हणून मिळालेले पत्ते मंडळाच्या माहितीसाठ्याचा भाग असतात आणि माहितीच्या गोपनीयतेचा कायदा त्यांना लागू होतो. प्रचारासाठी निवडणूक कार्यालय देते ती मतदारयादीच वापरायची. मंडळाचा ईमेल, बोधचिन्ह, फोन, शाळेच्या आवारात काढलेले मुलांसह छायाचित्र, यांतले काहीही पत्रकावर आले की आचारसंहितेची तक्रार ठरलेली. ‘विश्वस्त’ ही ओळख पत्रकात सांगता येते, मात्र मंडळाचा पाठिंबा आहे असे भासू देऊ नये.

दुसरी चूक बैठकांची. मंडळाच्या लागोपाठ तीन नियमित बैठकांना गैरहजर राहिले आणि ती गैरहजेरी मान्य करणारा ठराव इतिवृत्तात नोंदला नाही, तर पद जाते. प्रचार २९ दिवसांचाच असला तरी उमेदवारी मिळवण्याचे महिने त्याला जोडले की तीन बैठका सहज निघून जातात. ठराव आधीच करून घ्यावा.

तिसरी चूक मतांच्या गणिताची. सार्वजनिक मंडळाच्या विश्वस्ताला कॅथलिक आणि फ्रेंच मंडळांच्या मतदारांनी कधी मत दिलेलेच नसते; शिवाय वॉर्डाची आणि प्रांतिक मतदारसंघाची हद्द जुळतेच असे नाही. मुले मोठी झालेली किंवा नसलेली घरे तर त्याला ओळखतही नाहीत. मागच्या वेळची मते जमेस धरून आखलेला प्रचार पहिल्याच आठवड्यात कोलमडतो. दारावर पहिला प्रश्न बहुधा दवाखान्याचा किंवा घरभाड्याचा येतो, आणि त्याची तयारी विश्वस्ताकडे कमी असते.

रिकामी झालेली जागा

विश्वस्त आमदार झाला की मंडळाने ९० दिवसांत पात्र व्यक्तीची नेमणूक करायची असते, किंवा ठराव करून पोटनिवडणूक मागायची असते. बहुतेक मंडळे नेमणुकीकडे झुकतात, कारण एका वॉर्डाच्या मतदानाचा खर्च मंडळाच्याच पैशातून जातो. नेमणुकीत काही मंडळे मागच्या निवडणुकीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बोलावतात, काही अर्ज मागवून मुलाखती घेतात. पहिली पद्धत मतदारांच्या कौलाशी जास्त प्रामाणिक वाटते.

प्रथेचा पायाच अलीकडे आक्रसत आहे. नोव्हा स्कोशियाने २०१८ मध्ये निवडून दिलेली इंग्रजी मंडळे बरखास्त केली. क्वेबेकने २०२० मध्ये फ्रेंच मंडळांबाबत तेच केले. ऑन्टारियोत जून २०२५ मध्ये टोरोंटोची सार्वजनिक व कॅथलिक अशी दोन्ही इंग्रजी मंडळे, ऑटवा-कार्लटन आणि डफरिन-पील कॅथलिक या मंडळांवर प्रांताने पर्यवेक्षक नेमले. पर्यवेक्षक असेपर्यंत निर्णयाचे अधिकार त्याच्याकडे असतात. तिथले विश्वस्त पदावर निवडून आलेले आहेत, पण अंदाजपत्रकावर हात वर करण्याची संधी त्यांना उरलेली नाही.